स्टुडिओच्या पडद्यामागून पाडव्याच्या गर्दीत

मुंबईत कॅमेरा रुजला तो धंद्याइतकाच हौसेच्या बळावर. 1839 मध्ये दागेरची छायाचित्रणाची कृती पॅरिसात जाहीर झाली आणि पंधराच वर्षांनी, 1854 मध्ये, या शहरात फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. कलकत्ता आणि मद्रास येथील सोसायट्या त्यानंतरच्या. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही मुंबईच्या सोसायटीचे सभासद. भाऊंच्या नावाने भायखळ्याचे संग्रहालय ओळखले जाते. कॅमेऱ्यात अधिक रमलेले नारायण दाजी मात्र अभ्यासकांच्या टिपणांपुरते उरले, हा अन्यायच म्हणायचा. 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यातूनच हरिश्चंद्र चिंतामण तयार झाले आणि त्यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. शिकण्याची जागा वर्गातला बाक होती. रस्त्याला अजून कोणी गुरू मानले नव्हते.

याचे कारण रसायनात होते. त्या काळच्या कोलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच चित्र घेऊन लगेच धुवावे लागे; अंधाराचा तंबू सोबत हवा, आणि समोरच्याने निश्चल उभे राहायला हवे. चालती माणसे काचेवर पुसट होत किंवा उमटतच नसत. डिसेंबर 1856 पासून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ काढला. त्यातली बरीच चित्रे जॉन्सनने पुढे मुंबईतल्या रहिवाशांच्या जातीजमातींवरच्या आपल्या दोन खंडांत घेतली; ते 1863 आणि 1866 मध्ये प्रसिद्ध झाले. आपण ही पाने जरा निरखून पाहिली तर एक गंमत ध्यानात येते. माणसे एका जागी टिपलेली, पार्श्वभूमी दुसऱ्याच चित्रातली, आणि दोन्ही जुळवून एकच छाप काढलेला. माणूस रस्त्यावरून उचलायचा, त्याला ‘नमुना’ म्हणून उभा करायचा आणि मग त्याच्यामागे मुंबई चिकटवायची! कारागिरी अव्वल होती, पण त्या माणसांना या शहरात पत्ता नव्हता.

कोरड्या काचा आल्या, 1888 मध्ये कोडॅकचा रोलचा कॅमेरा आला, आणि तिवईची सक्ती सुटत गेली. मुंबईत छायाचित्रांचा व्यवसाय करणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादांनी, 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चलच्चित्रात पकडली आणि 1901 च्या अखेरीस केंब्रिजहून परतलेले गणिती रँग्लर परांजपे यांचे मुंबईतले स्वागतही. कुस्ती ठरवून लावलेली होती, हे खरे; स्वागताची गर्दी मात्र आपल्या चालीने चालली होती, आणि कॅमेऱ्यालाच तिच्याशी जुळवून घ्यावे लागले. 1930 च्या सविनय कायदेभंगाने हा धडा पक्का केला. प्रभातफेऱ्या, मीठ बनवणाऱ्या स्त्रिया, पोलिसांच्या लाठ्या: आज अल्काझी संग्रहात असलेल्या के. एल. नर्सी यांच्या नावाच्या अल्बममध्ये रस्ता ही मागची भिंत न राहता घटनाच झाला आहे.

याच दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या होमाई व्यारावाला माणेकशा व्यारावाला यांच्याकडून कॅमेरा शिकत होत्या. शहरातल्या जगण्याची त्यांची सुरुवातीची छायाचित्रे छापून आली ती माणेकशांच्या नावाने. 1937 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया मुंबईतच स्थापन झाली. अशा मंडळांतली सलोनची, म्हणजे प्रदर्शनांसाठीची, वळणदार, धुक्यात न्हालेली चित्रे देखणी असत. मला मात्र ती जॉन्सनच्याच नात्यातली वाटतात. आधी चौकट ठरवायची, मग तिच्यात बसेल असे आयुष्य शोधायचे.

1977 मध्ये सुनी तारापोरवाला यांनी स्वतःचे शहर टिपायला घेतले, सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांची मालिका केली, आणि 2007 मध्ये केतकी शेठ यांचे ‘बॉम्बे मिक्स’ हे रस्त्यावरच्या छायाचित्रांचे पुस्तक आले. आजचा हौशी छायाचित्रकार अशी चित्रे पाहत, शनिवार-रविवारी पहाटे दादरच्या फुलबाजारात झेंडूच्या टोपल्यांमधून वाट काढत शिकतो. डिजिटल कॅमेऱ्यामुळे रोलचा खर्च सुटल्याने शेकडो चित्रे फुकट जाऊ देण्याची चैन त्याला परवडते. चूक तिथल्या तिथे दिसते. गिरगावच्या पाडव्याला सगळ्यांचे डोळे नऊवारीतल्या बुलेटस्वार मुलींवर लागतात आणि घरी गेल्यावर सगळ्यांची चित्रे सारखीच निघतात. लालबाग-परळच्या गणपतींच्या आगमन सोहळ्यात तर मूर्तीपुढे उंचावलेल्या मोबाइलांचीच रांग चौकटीत शिरते. मग शहाणा नवशिका मूर्तीकडे पाठ फिरवतो. ट्रॉली ढकलणाऱ्याचे खांदे, ताशावाल्याची बोटे, चाळीच्या कठड्यावरून वाकलेल्या आजी त्याला दिसू लागतात. कळ दाबताच तो ताशावाला मान वर करून म्हणतो, “दादा, व्हॉट्सॲप करा ना!” आणि नंबर घेण्यासाठी छायाचित्रकाराला थांबावे लागते.