मूत्रातील विषारी धातूंची चाचणी

मूत्रातील विषारी धातूंची चाचणी ही आर्सेनिक, पारा, कॅडमियम इत्यादी धातू व धातुसदृश मूलद्रव्यांचा शरीराशी किती संपर्क आला, हे मूत्रातील त्यांच्या प्रमाणावरून अजमावणारी प्रयोगशालेय तपासणी आहे. व्यवसायजन्य आरोग्याच्या क्षेत्रात ती प्रामुख्याने वापरली जाते. रायगड जिल्ह्यात रोहा तालुक्यातील धाटाव औद्योगिक क्षेत्र रासायनिक कारखान्यांसाठी, तर पेण शहर व जवळची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. रसायने किंवा रंग हाताळणाऱ्या कामगारांच्या दृष्टीने या चाचणीचा उपयोग आणि तिच्या मर्यादा दोन्ही महत्त्वाच्या ठरतात.

धातू आणि नमुना

असेंद्रिय आर्सेनिक काही दिवसांतच मूत्रावाटे बाहेर पडते. त्यामुळे चाचणी अलीकडचा संपर्क दर्शविते. कॅडमियम मूत्रपिंडात अनेक वर्षे साठून राहते, म्हणून त्याचे मूत्रातील प्रमाण दीर्घकालीन संचयाचे निदर्शक असते. पाऱ्याची वाफ व असेंद्रिय क्षार यांसाठी मूत्र उपयुक्त असते. माशांतून येणाऱ्या मिथिल पाऱ्यासाठी मात्र रक्त किंवा केस तपासतात. शिशासाठी रक्ततपासणी हीच प्रमाणभूत मानली जाते. मूर्तींच्या रंगकामात वापरल्या जाणाऱ्या काही पिवळ्या व नारिंगी रंगद्रव्यांत लेड क्रोमेट असू शकते. अशा संपर्काची शंका असल्यास केवळ मूत्रतपासणीवर विसंबणे योग्य नाही.

पाणी कमी-अधिक प्यायल्याने मूत्र दाट वा पातळ होते. म्हणून निष्कर्ष प्रतिग्रॅम क्रिएटिनिनमागे मायक्रोग्रॅममध्ये देतात. कामाच्या कपड्यांवरील धूळ नमुन्यात पडू नये यासाठी हात धुऊन, कपडे बदलून, धातुमुक्त बाटलीत नमुना घेतात.

आहाराचा परिणाम

मासे, कोळंबी, खेकडे व तिसऱ्या यांत आर्सेनोबीटेन हे जवळजवळ निरुपद्रवी सेंद्रिय संयुग असते. त्यामुळे एकूण आर्सेनिकचा आकडा फुगतो. किनारपट्टीवर ताजी व सुकी मासळी नित्याच्या जेवणात असल्याने चाचणीपूर्वी ३ ते ४ दिवस ती वर्ज्य करणे, अथवा असेंद्रिय आर्सेनिक वेगळे मोजून घेणे आवश्यक असते.

उत्तेजित चाचणी

काही ठिकाणी धातू बांधून बाहेर काढणारे औषध देऊन नंतर मूत्र तपासले जाते. निरोगी व्यक्तीतही असे औषध धातूंचे उत्सर्जन वाढविते आणि या वाढीव आकड्यांसाठी प्रमाणित संदर्भमर्यादा नाहीत. अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजी या संस्थेने ही पद्धत अशास्त्रीय ठरविली आहे. अशा अहवालावरून केलेले उपचार घातकही ठरू शकतात: अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात ईडीटीए दिल्यानंतर रक्तातील कॅल्शियम घटून दोन मुले व एक प्रौढ यांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे.

कायदेशीर बाजू

कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत शिसे, पारा, आर्सेनिक व मँगनीज यांच्या विषबाधांचा समावेश करण्यात आला. कलम ८९ अन्वये असा रुग्ण आढळल्यास मुख्य कारखाना निरीक्षकास कळविण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर टाकण्यात आली. तथापि, कामगारसंख्येच्या अटीमुळे लहान घरगुती कारखाने अशा कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. तेथील कारागिरांच्या बाबतीत, कोणता रंग किती काळ हाताळला ही व्यवसायाची माहिती डॉक्टरांना देणे, हाच योग्य चाचणीकडे नेणारा पहिला टप्पा असतो.