चौकोनी नळीचे वाकण

कोल्हापुरी साजातील मणी सोन्याच्या पातळ पत्र्याचे असून त्यांच्या पोटात लाख भरलेली असते, आणि ती लाख सोनार वजनासाठी भरीत नसून पोकळ धातू दाबाखाली चेपतो व एकदा चेपला की पूर्ववत् होत नाही म्हणून भरतो, हे तो दागिना ज्या घरांत वापरला जातो तेथील वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. पोकळ धातूला आतून आधार द्यावा ही युक्ती अनेक देशांतील कारागिरांना आपापल्या परीने गवसली. युरोपात कर्णे व बिगुल घडविणारे कारागीर पितळी नळीत वितळलेले शिसे किंवा डांबर ओतीत, ते थिजल्यावर नळी साच्याभोवती सावकाश वाकवीत आणि मग उष्णता देऊन आतले द्रव्य काढून घेत. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि पितळ वितळण्यास त्याच्या दुपटीहून अधिक तापमान लागते, त्यामुळे हा व्यवहार नळीस अपाय न होता पार पडे. लोखंडी नळीच्या वाट्याला शिशाऐवजी वाळू आली. ती चाळून, भाजून, अगदी कोरडी करून नळीत ठोकून बसवायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारायच्या आणि मग भट्टीत तापवून वळण द्यायचे, अशी ती रीत. वाळूत ओल राहिली तर तिची वाफ होऊन खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते, म्हणून वाळू भाजण्याच्या कामात कोणी हयगय करीत नसे.

बंदुकीचा उल्लेख येथे अगदीच अप्रस्तुत नाही. १८१२ साली लंडनमधील गॅस कंपनीस राजसनद मिळाली, शहराच्या रस्त्यांखालून गॅस नेण्याचे काम सुरू झाले, आणि नेपोलियनशी चाललेली युद्धे आटोपल्यावर शिल्लक पडलेल्या बंदुकांच्या नळ्या एकीस एक जोडून त्या कामी लावल्या गेल्या. पुढे १८२५ साली वेन्सबरी येथील कॉर्नेलियस व्हाइटहाउस याने तापलेली लोखंडी पट्टी घंटेच्या आकाराच्या साच्यातून ओढून तिच्या कडा परस्परांस सांधण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, तेव्हापासून लोखंडी नळी हा स्वस्त व सर्वत्र मिळणारा जिन्नस झाला. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, त्यामागे हीच सगळी परंपरा उभी होती.

या नळ्या गोल होत्या. चौकोनी नळीचा विचार प्रथम गांभीर्याने झाला तो एका पुलाच्या निमित्ताने, आणि तो प्रसंग थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. कारण आज आपल्या गावातील फॅब्रिकेटर चौकोनी नळी वाकवताना ज्या अडचणीशी झुंजतो, तिचे पहिले पद्धतशीर दर्शन तेथे घडले. वेल्समधील मेनाईची सामुद्रधुनी ओलांडून रेल्वे न्यावयाची होती; जहाजांच्या डोलकाठ्यांस अडथळा होऊ नये म्हणून आरमार खात्याने कमानींच्या पुलास हरकत घेतली; आणि तेव्हा रॉबर्ट स्टीफन्सन यांनी अशी तजवीज मांडली की, लोखंडी पत्र्याची एक प्रचंड नळीच खांबांवर आडवी टाकावी व आगगाडी तिच्या पोटातून न्यावी. नळीचा छेद गोल असावा, लंबगोल असावा की चौकोनी, याचा निर्णय तर्काने होण्यासारखा नव्हता. म्हणून विल्यम फेअरबेर्न यांनी लंडननजीक मिलवॉल येथे नमुन्याच्या नळ्या करून त्यांवर वजने लादली आणि गणिती अंगाने ईटन हॉजकिन्सन यांनी त्यांस साह्य केले. नळी खाली वाकली म्हणजे तिचा तळ ताणला जातो आणि माथा दाबला जातो. ताणाने तळ आधी फाटेल ही अपेक्षा स्वाभाविक होती, पण बहुतेक वेळी आधी हार खाल्ली ती माथ्याने, आणि तीही न तुटता, केवळ सुरकुतून. पातळ सपाट पत्रा दाब सोसण्याऐवजी बाजूला सरकून त्यातून पळवाट काढतो, हा तो शोध होता. त्यावरून छेद चौकोनी ठरला, परंतु माथ्याच्या पत्र्यास एकटे सोडावयाचे नाही या अटीवर. माथ्यात आठ आणि तळात सहा लहान पोकळ कप्पे योजण्यात आले, आणि १८५० साली प्रत्येकी ४६० फुटांच्या मुख्य गाळ्यांसह तो ब्रिटानिया पूल वाहतुकीस खुला झाला.

फेअरबेर्न यांस ही सुरकुती कोणत्याही उपायाने टाळावयाची होती. नळी मुद्दाम वाकविणाऱ्याची गोष्ट निराळी; त्यास वळणाच्या आतली भिंत आखूड व्हावी असेच वाटते, फक्त ती आपल्या हुकमाने व्हावी, इतकाच त्याचा आग्रह असतो.

मधल्या काळात गोल नळी मात्र पुष्कळ पुढे गेली. १८८५ साली जर्मनीतील मानेसमान बंधूंनी भरीव तापल्या लोखंडातून सांध्यावाचून नळी काढण्याची कृती सिद्ध केली. सांधाच नसल्यामुळे थंड स्थितीत वाकवितानाही ती उकलण्याचे भय उरले नाही. सायकलीचे वळणदार हँडल पाहून १९२५ साली डेसाउ येथील बाउहाउस या कलाशाळेचा तरुण शिक्षक मार्सेल ब्रॉयर याच्या मनात नळीची खुर्ची करण्याची कल्पना आली आणि त्याने एका नळकामगाराच्या मदतीने ती मानेसमानच्या नळ्यांतून उभी केली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. दोनच वर्षांनी, १९२७ साली, ब्रेझियर या संशोधकाने वाकणारी गोल नळी हळूहळू चपटी का होते व त्या चपटेपणामुळे तिचा विरोध एका मर्यादेनंतर एकाएकी का कोसळतो, याची गणिती मीमांसा केली. तरीही गोल नळीची भिंत कमानीप्रमाणे बाहेरचा दाब आपल्या अंगातच वाटून घेते, आणि पन्हळीच्या योग्य साच्यात धरल्यास नळी बरीचशी गोलच राहते. चौकोनी नळीच्या सपाट भिंतीजवळ अशी कोणतीच जन्मजात सोय नाही.

अशी नळी बाजारात विपुल झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, जेव्हा स्टुअर्ट्स अँड लॉइड्ससारख्या इंग्रज कारखान्यांनी गोल नळी रोलरांतून दाबून चौकोनी काढण्यास आरंभ केला. तिचे आकर्षण साधे होते: दोन गोल नळ्या जोडावयाच्या तर एकीचे टोक माशाच्या तोंडासारखे कोरावे लागते, तर चौकोनीस एक सरळ काप पुरतो. आपल्याकडे १९६८ साली पोकळ पोलादी छेदांसाठी भारतीय मानक ४९२३ प्रसिद्ध झाले, आणि पुढे भरीव गजांच्या खिडक्या-फाटकांची जागा या नळ्यांनी घेतली. आता फाटकाच्या माथ्यावर कमान हवी, जिन्याच्या कठड्याला वळण हवे, म्हणजे नळी वाकवणे आलेच.

हाताने चालणारे वाकण-यंत्र निवडावयाचे असो वा स्वतः बांधावयाचे असो, पहिला प्रश्न माणसाच्या बळाचा असतो, आणि तो हिशेबाने सुटतो. साध्या पोलादाची २५ मिलिमीटर चौरस, २ मिलिमीटर जाडीची नळी घेतली, तर तिला कायमचे वळण पडण्यास एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकावर सुमारे ४० किलोचा जोर लागतो. दांडा दीड मीटरचा केला की तोच २७ वर येतो, आणि घर्षणाचा वाटा धरूनही एक धडधाकट माणूस तो लावू शकतो. ५० मिलिमीटर चौरस, ३ मिलिमीटर जाडीच्या नळीस मात्र त्याच एक मीटरवर २५० किलो पडतात. आकार दुप्पट झाला आणि बळ सहापटीवर गेले. येथे दांडा लांबवीत बसणे व्यर्थ, जॅक किंवा तीन रोलरांचे यंत्रच हवे, ज्यात नळी पुनःपुन्हा फिरवून दर फेरीला थोडथोडे वळण वाढवीत न्यावयाचे असते. कित्येकजण यंत्राच्या जाहिरातीतील सर्वांत मोठा आकडा पाहून खरेदी करतात. माझ्या मते आपल्या नेहमीच्या कामातील नळीचा आकार व तिची जाडी आधी मांडून मग साचा पाहावा, हेच शहाणपणाचे.

यंत्र सांगायचे तर थोडके असते: भक्कम पाट, त्यावर ठराविक त्रिज्येचा अर्धचंद्राकार साचा, नळीचे एक टोक घट्ट धरणारा चाप, आणि साच्याच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या दांड्यावर नळीस रेटणारा रोलर किंवा ठोकळा. त्रिज्येच्या बाबतीत कंजूषपणा करू नये. २५ मिलिमीटरच्या नळीस मध्यरेषेवर १०० मिलिमीटरची त्रिज्या दिली, तर बाहेरची भिंत सुमारे साडेबारा टक्के ताणली जाते. त्रिज्या ५० वर आणली की तोच ताण पंचवीस टक्के होतो, आणि थंड अवस्थेत घडवलेल्या नळीच्या अंगी तेवढी सहनशक्ती क्वचितच उरलेली असते. साच्याच्या खोबणीच्या बाजू नळीस अगदी बेताच्या लागाव्यात, म्हणजे तिच्या कडेच्या भिंती बाहेर फुगणार नाहीत.

परंतु खरी कारागिरी साच्याच्या तळाशी आहे. गोल नळीच्या साच्यात जेथे पन्हळ असते, तेथे चौकोनीच्या साच्यात मधोमध उंचवटा ठेवतात. आतली भिंत आखूड होणे अटळ आहे, आणि तिला मोकळे सोडले तर ती मन मानेल तेथे सुरकुतते. हा उंचवटा तिला ठरल्या जागी आत दाबतो, त्यामुळे जादा धातू वळणाच्या लांबीभर एका स्वच्छ पन्हळीत बसतो व दोन्ही कडेच्या भिंती सरळ राहतात. बाहेरून पाहणाऱ्यास हे दिसतही नाही. नळीवरील उभा सांधा वळणाच्या बाहेरच्या अंगास येऊ देत नाहीत. तो कडेच्या भिंतीवर, जेथे ताण कमीत कमी असतो, तेथे ठेवतात.

ज्यांच्याजवळ साचा नाही असे गावोगावचे फॅब्रिकेटर नळीच्या तीन भिंतींत कटरने त्रिकोणी खाचा पाडतात, चौथी भिंत दुमडतात आणि खाचा वेल्डिंगने भरतात. काटकोनाच्या कोपऱ्याला ही रीत उत्तम आहे आणि मी तिला नावे ठेवणार नाही. कमानीसाठी मात्र तीच वापरायची तर दहा-बारा खाचा लागतात, तेवढेच सांधे घासावे लागतात, आणि पावसाळ्यात गंज धरायला तेवढ्याच जागा तयार होतात; फाटकांच्या चार-सहा मागण्या एकदम हाती असल्या, तर लेथवाल्याकडून एक साचा कातून घेण्याचा खर्च त्याच हंगामात वसूल होतो.