पुण्यातील महाराष्ट्र ओपन टेनिस : दुहेरीचे नियम, पाच वर्षांचे विजेते आणि भारतीय जोड्या

संग्रामपूर : सोनाळा असो की पातुर्डा, आपल्या तालुक्यात गप्पा रंगतात त्या क्रिकेट नाहीतर कबड्डीच्या. टेनिसची बातमी मोबाईलवर येते, पण ६-७, ६-३, १०-६ असा स्कोअर पाहून अनेक जण ती पुढे सरकवतात. जगातले नामांकित टेनिसपटू आपल्याच राज्यात, पुण्याच्या बालेवाडीत पाच वेळा खेळून गेले आणि तिथे भारतीयांनी नाव कमावलं ते दुहेरीत. त्याची ही माहिती.

स्पर्धा कोणती?

एटीपी म्हणजे पुरुष व्यावसायिक टेनिसपटूंची जागतिक संघटना. तिची '२५०' दर्जाची स्पर्धा १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झाली, १९९७ ते २०१७ चेन्नईत झाली आणि २०१८ मध्ये 'महाराष्ट्र ओपन' नावाने पुण्यात आली. २५० म्हणजे विजेत्याला मिळणारे क्रमवारीचे गुण. दुहेरीत विजेत्या जोडीतल्या दोघांनाही प्रत्येकी २५० गुण मिळतात.

दुहेरी कशी खेळतात?

एका बाजूला दोन, समोर दोन खेळाडू. मैदानाची लांबी तीच, ७८ फूट. रुंदी मात्र एकेरीत २७ फूट, तर दुहेरीत ३६ फूट. दुहेरीत १६ जोड्या उतरतात, म्हणजे चार सामने जिंकले की विजेतेपद. काही जोड्यांना आयोजक थेट प्रवेश देतात, त्याला 'वाइल्ड कार्ड' म्हणतात. क्रमवारीत मागे असलेल्या स्थानिक खेळाडूला मोठ्या स्पर्धेत उतरायची संधी यातूनच मिळते.

स्कोअर कसा वाचायचा?

गेममध्ये ४०-४० अशी बरोबरी झाली की पुढचा एकच गुण निकाल लावतो. दोन्ही जोड्यांनी एकेक सेट जिंकला तर पूर्ण तिसरा सेट होत नाही. त्याऐवजी १० गुणांचा टायब्रेक होतो आणि तो किमान दोन गुणांच्या फरकाने जिंकावा लागतो. वर दिलेल्या स्कोअरमधलं १०-६ हे तेच.

पुण्यातील दुहेरीचे विजेते

२०१८ : रॉबिन हासे व मात्वे मिडलकूप (नेदरलँड्स)
२०१९ : रोहन बोपण्णा व दिविज शरण (भारत)
२०२० : आंद्रे गोरान्सन (स्वीडन) व ख्रिस्तोफर रुंगकाट (इंडोनेशिया)
२०२१ : कोरोनामुळे स्पर्धा नाही
२०२२ : रोहन बोपण्णा व रामकुमार रामनाथन (भारत)
२०२३ : सँडर जिले व योरान व्हलिगेन (बेल्जियम)

२०२२ ची अंतिम लढत अटीतटीची. बोपण्णा-रामकुमार यांनी ल्यूक सॅव्हिल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथ या ऑस्ट्रेलियन जोडीविरुद्ध पहिला सेट गमावला, दुसरा घेतला आणि टायब्रेक १०-६ ने मारला. २०२३ मध्ये श्रीराम बालाजी व जीवन नेदुंचेझियन अंतिम फेरीत पोहोचले, पण ६-४, ६-४ ने हरले.

म्हणजे पाचपैकी तीन अंतिम सामन्यांत भारतीय जोडी होती. एकेरीच्या अंतिम फेरीत मात्र पाचही वर्षांत एकही भारतीय पोहोचला नाही.

पुढे काय झालं?

बोपण्णाने जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डनसोबत ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली आणि वयाच्या ४३ व्या वर्षी दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर गेला.

पुण्याची स्पर्धा मात्र २०२३ नंतर झालीच नाही. २०२४ आणि २०२५ च्या वेळापत्रकात या दर्जाची एकही स्पर्धा भारतात नव्हती. त्याखालच्या 'चॅलेंजर' स्पर्धा देशात होतात, पण त्यात गुण आणि बक्षिसाची रक्कम कमी. त्यामुळे घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर वाइल्ड कार्ड घेऊन मोठ्या जोडीशी भिडायची वाट आपल्या पोरांसाठी सध्या बंद आहे. आता त्यांना ती संधी परदेशात जाऊन, प्रवासाचा खर्च सोसून मिळवावी लागते.