आत्याचं टीव्हीचं बिल आणि ‘तो सांगेल तेवढे’

आजच्या भागात ना लढाई आहे, ना किल्ला. आज एका बिलाचा इतिहास सांगतो. ऐकता ऐकता तुम्हाला घरातल्या कुणाचं बिल आठवलं, तर भाग जमला असं समजेन.

मागच्या महिन्यात मी नवलाख उंबऱ्याला आत्याकडे गेलो होतो. तळेगाव सोडलं, एमआयडीसीचे कंटेनर चुकवत गावात शिरलो, चहा झाला. मग आत्या म्हणाली, “बाळा, तेवढे केबलचे पैसे मोबाईलवरून पाठव रे. मला ते जमत नाही.”

“किती पाठवू?”

“तो सांगेल तेवढे.”

आत्याच्या या तीन शब्दांवर मी अडकलो. जुनी बिलं काढायला लावली. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचे ४२० रुपये. आतल्या खोलीतल्या टीव्हीचे ३००. इंटरनेटचे ७९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ ९४३. महिन्याला सगळे मिळून साधारण १,६६३ रुपये. घरात राहणारं माणूस एक! आतला टीव्ही काकांचा. काका जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून तो लागलेलाच नाही. पैसे मात्र दर महिन्याला जात होते.

आत्या भोळी आहे म्हणून हे झालं, असं मला आधी वाटलं. पण टीव्हीच्या बिलाचा इतिहास वाचला आणि मत बदललं. या बिलात ‘तो सांगेल तेवढे’ ही पद्धत फार जुनी आहे.

सुरुवातीपासून बघू. दिल्लीत टीव्ही सुरू झाला १९५९ साली. मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढे सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्याकडे दिसू लागले. तेव्हा टीव्हीला लायसन्स लागायचं, बरं का! पोस्टात जायचं, वर्षाचे पैसे भरायचे, पुस्तकावर नोंद करून घ्यायची. रेडिओलाही तसंच. १९८० च्या दशकाच्या मध्यावर हे लायसन्स रद्द झालं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी वाहिनी एकच आणि रक्कम ठरलेली. आपण कशाचे पैसे भरतोय, हे प्रत्येकाला माहीत होतं.

गोंधळ सुरू झाला केबलपासून. १९९१ च्या आखाती युद्धानंतर छतांवर डिश दिसायला लागल्या. १९९२ मध्ये झी टीव्ही आला. गल्लीतला एखादा धडपड्या मुलगा डिश बसवायचा, खांबाखांबावरून वायर ओढायचा आणि महिन्याच्या सुरुवातीला वही घेऊन दारात उभा राहायचा. किती वाहिन्या, कुठल्या, कितीला, हे तोच ठरवणार. सरकारने १९९५ मध्ये केबलचा कायदा केला, तरी दर वहीतलाच राहिला. वाहिन्यांचे मालक म्हणायचे, केबलवाले जोडण्या कमी दाखवतात. केबलवाले म्हणायचे, मालक दर वाढवतात. दोघांच्या या भांडणात, प्रेक्षकाला नेमकं काय बघायचंय, हे कुणी विचारलं नाही.

विचारायचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे ‘कॅस’. डबा लावा आणि हव्या त्याच वाहिन्यांचे पैसे द्या. चेन्नईत ही पद्धत २००३ मध्ये आली. मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या काही भागांत २००६ च्या अखेरीस आली. मोफत वाहिन्यांच्या मूळ संचाला ७७ रुपये आणि प्रत्येक पे चॅनेलला ५ रुपये, असा दर होता. पण तो त्या मोजक्या भागांपुरता. पुण्यात डबा सक्तीचा झाला २०१३ मध्ये. गावांसाठीची शेवटची मुदत आली मार्च २०१७ मध्ये. म्हणजे आत्याच्या घरातला डबा या लांबलचक रांगेतला शेवटचा.

मग आलं २०१९. तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल, घरोघरी वाहिन्यांच्या याद्या फिरत होत्या, लोक पेनाने खुणा करत होते. ‘ट्राय’ या नियामक संस्थेचा नवा नियम १ फेब्रुवारीपासून लागू झाला होता. १०० वाहिन्यांच्या जागेचे जास्तीत जास्त १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे. त्यावर फक्त तुम्ही निवडलेल्या पे चॅनेलचे पैसे. प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर करायची आणि ती सुटी द्यायचीच. पुढच्या वर्षी त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या बसायला लागल्या.

कागदावर हे उत्तमच होतं. पण लाखो लोकांनी यादी भरलीच नाही. म्हणून ट्रायने मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवली आणि सांगितलं की ज्यांनी निवड केली नाही, त्यांना कंपनीने त्यांची भाषा आणि सवय बघून एखादा पॅक द्यावा. झालं! निवडायचा हक्क मिळाला, पण ज्यांनी तो वापरला नाही, त्यांच्या वतीने परत दुसऱ्यानेच निवड केली. आमच्या काकांनीही यादी भरली नव्हती. आत्या आजपर्यंत त्याच पॅकची वाढत गेलेली रक्कम भरत होती. जुलै २०२४ मध्ये त्या १३० रुपयांवरची कमाल मर्यादाही ट्रायने काढून टाकली. आता हा आकार कंपनी स्वतः ठरवते. म्हणजे विचारणं आणखी गरजेचं झालं.

मग आम्ही काय केलं? मी आधी वही घेतली आणि आत्याला म्हटलं, “दिवसभरात तू काय काय बघतेस ते सांग.” सकाळी कीर्तन, दुपारी सह्याद्री, संध्याकाळी मालिका, रात्री बातम्या. पे चॅनेल भरले चार. पॅकमध्ये होते कितीतरी, त्यात तिला न समजणाऱ्या भाषांचेही. डीडी फ्री डिशचाही विचार केला. तिथे एकदा डबा आणि छत्री घेतली की महिन्याचं भाडं नाही. पण आत्याच्या मालिका तिथे नव्हत्या, म्हणून ते बाजूला ठेवलं.

मग इंटरनेट. आत्या व्हिडिओ कॉल करते आणि यूट्यूबवर भजनं लावते. चांगल्या प्रतीचा एक व्हिडिओ चालायला ५ एमबीपीएसच्या आसपास वेग पुरतो. तिच्याकडे २०० चा प्लॅन होता आणि त्यात कधीही न उघडलेली तीन ओटीटी ॲप्स. ३९९ चा साधा प्लॅन घेतला.

शेवटी काकांच्या टीव्हीचा विषय निघाला. मी जरा चाचरतच म्हटलं, “आत्या, आतली जोडणी बंद करू का?” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “कर. पण क्रिकेटचं एक चॅनेल बाहेरच्या टीव्हीवर घे.”

“तू कुठे क्रिकेट बघतेस?”

“मॅच असली की लावून ठेवते. घरात आवाज असतो.”

मी मुकाट्याने ते चॅनेल यादीत घातलं. पाच पे चॅनेल मिळून ८२ रुपये, अधिक कर. नवा हिशोब इंटरनेटसकट साधारण ७२१ रुपये. महिन्याला ९४० च्या आसपास वाचले, म्हणजे वर्षाला ११,००० च्या वर. ग्राहक सेवेला दोन फोन केले. पहिल्या फोनवर “सुटे चॅनेल मिळत नाहीत” असं उत्तर आलं. “नियमाने द्यावेच लागतात, तक्रार क्रमांक द्या,” म्हटल्यावर मिळाले.

येताना तळेगाव लागलं. इथेच १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, माणशी एकेक पैसा गोळा करून. क्षुल्लक रक्कम, पण देणाऱ्याला माहीत होतं की आपला पैसा कशाला चाललाय. आत्याचे क्रिकेटचे पैसे मला तसेच वाटतात. ती तो सामना बघत नाही, तरी ते पैसे वाया जात नाहीत, कारण ते तिने ठरवून दिलेत. वाया जात होते ते तिला कुणी न विचारता घेतलेले.

तेव्हा या रविवारी घरी जाल तेव्हा बिल मागा. आधी “काय बघता?” ते विचारा, रिमोट नंतर हातात घ्या. आणि यादी त्यांनाच ठरवू द्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!