ओमाहा किनाऱ्यावरील छायाचित्रें : बखर आणि अस्सल साधन

बखर व अस्सल कागद यांमध्यें विरोध आल्यास कागदाचें म्हणणें ग्राह्य धरावें, हा दंडक आपणांकडे कै. राजवाडे यांनीं 1898 सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यापासून रूढ झाला आहे. तोच दंडक छायाचित्राच्या निगेटिव्हसहि लागूं पडतो, हें एका प्रसिद्ध प्रकरणावरून दाखविण्याचें योजिलें आहे.

ता. 6 जून 1944 रोजीं दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्यांपैकीं ओमाहा नामक भागावर ‘लाइफ’ साप्ताहिकाचा छायाचित्रकार रॉबर्ट कापा हा अमेरिकन सैनिकांबरोबर उतरला. त्याच्याजवळ काँटॅक्स जातीचे लहान कॅमेरे होते. यांत सिनेमाच्या मापाची 35 मिलिमीटर रुंदीची फिल्म भरतात; प्रत्येक चित्र अवघें 24 × 36 मिलिमीटरचें, व एका भरणींत चित्रें 36. एवढ्या लहान निगेटिव्हवरून चित्र मोठें केलें असतां रवा दिसूं लागतो. परंतु मोठा कॅमेरा पाण्यांत उभें राहून गोळ्यांच्या वर्षावांत चालविणें जवळजवळ अशक्यच.

आतां बखरीकडे वळूं. कापाचें ‘स्लाइटली आउट ऑफ फोकस’ हें आत्मवृत्त 1947 सालीं निघालें. त्यांत तो म्हणतो कीं, आपण 106 चित्रें घेतलीं. परंतु लंडनच्या अंधारखोलींतील मदतनिसानें फिल्म वाळवितांना अति उष्णता दिल्यामुळें थर वितळला व 8 चित्रें तेवढीं वांचलीं. ‘लाइफ’च्या लंडन कचेरींतील चित्रसंपादक जॉन मॉरिस यांच्या कथनाप्रमाणें फिल्मच्या गुंडाळ्या 4 होत्या, पैकीं 3 पार नासल्या व चौथीवर 11 चित्रें राहिलीं. दोन्ही कथनें प्रत्यक्ष संबंध असलेल्यांचीं; पण आंकडे जुळत नाहींत. शिवाय आपण सत्याशीं थोडी मोकळीक घेतली आहे, अशी कबुली कापानें त्या पुस्तकाबरोबरच दिली होती.

2014 सालापासून ए. डी. कोलमन व त्यांचे सहकारी यांनीं या कथेची कसून तपासणी केली. त्यांचे मुख्य मुद्दे असे. पहिला, त्या काळच्या वाळविण्याच्या कपाटांतील ऊब सौम्य असे. तिनें थर वितळून वाहून जावा, हें संभवत नाहीं. दुसरा, चित्रें फिल्मच्या कडेच्या छिद्रांवर सरकलेलीं दिसतात, हा वितळण्याचा पुरावा समजला जात असे. परंतु कोडॅकची भरलेली डबी काँटॅक्समध्यें नीट न बसल्यास असेंच घडतें. तिसरा, चित्रांचा अस्पष्टपणा थराच्या नाशामुळें नसून कॅमेरा हलल्यामुळें आहे, आणि ता. 19 जून 1944 च्या अंकांत ‘लाइफ’नेंहि छायाचित्रकाराच्या उत्तेजित मनःस्थितीमुळें कॅमेरा हलल्याचेंच कारण दिलें होतें.

यांत आमची एक शंका घालावीशी वाटते. एकाच कपाटांत, एकाच उष्णतेनें तीन फिल्मा निखालस कोऱ्या व्हाव्या आणि चौथीवरील सलग चित्रें शाबूत राहावीं, हें कसें? पुढें खुद्द मॉरिस यांनींच, त्या तीन फिल्मांवर कदाचित् मुळांतच कांहीं नसावें, असें मान्य केलें. त्यांचें देहावसान 2017 सालीं झालें. कापा तर 1954 सालींच व्हिएतनाममध्यें सुरुंगावर पाय पडून मृत्यु पावला होता.

यावरून कापाच्या शौर्यास उणेपणा येतो असें कोणीं समजूं नये. तो त्या किनाऱ्यावर होता, याची साक्ष निगेटिव्हच देतें. परंतु तेंच निगेटिव्ह असेंहि सांगतें कीं, त्या सकाळचीं त्याचीं चित्रें बहुधा प्रथमपासूनच थोडीं होतीं. बखरीनें मात्र तो उणेपणा झांकण्यासाठीं एका गरीब मदतनिसाच्या माथीं सत्तर वर्षें दोष मारला. असा दोष फेडणें हेंहि इतिहाससंशोधनाचें एक कर्तव्यच होय.