मेंढपाळ देव आणि त्याची बहीण



मरून परत येणाऱ्या देवाची कथा जगात पुष्कळ ठिकाणी गायली गेली. इजिप्तच्या लोकांनी ओसायरिसची गायली, ग्रीकांनी अडोनिसची. आज आपण अशीच एक फार जुनी कथा ऐकू. देश आताचा इराक, तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांच्या मधला. तिथल्या सुमेर लोकांची ही कथा ओल्या मातीच्या पाट्यांवर लिहिली गेली, त्याला साडेतीन हजारांहून अधिक वर्षं झाली.

इनान्ना ही तिथली थोर देवी. ती पाताळात निघाली. वाटेत सात दरवाजे. प्रत्येक दाराशी एकेक अलंकार, एकेक वस्त्र उतरवून घेतलं. रिकाम्या अंगानं आत गेली, आणि तिथंच मेली. तीन दिवस, तीन रात्री गेल्या. मग एन्की देवानं धाडलेल्या दूतांनी तिला उठवलं. पण पाताळाचा कायदा कडक, बरं का! वर जायचं तर बदली कुणीतरी द्या. पाताळाचे शिपाई संगतीला घेऊन देवी घरी आली, तर काय? नवरा दुमुझी, मेंढपाळ देव, उंची वस्त्रं लेवून सिंहासनावर बसलेला! बायको मेली त्याचं सुतक नाही. देवी म्हणाली, "न्या यालाच."

या पाट्या फुटक्या मिळाल्या. शेवट हाती नव्हता, तेव्हा विद्वानांना वाटे की देवी नवऱ्याला सोडवायला पाताळात गेली. १९५० च्या सुमारास पुढचे तुकडे जुळले आणि उलटंच निघालं. तिनंच त्याला दिला होता.

मग त्याग कुणी केला? दुमुझीनं नाही, तो तर पळत सुटला. दुसऱ्या एका पाटीवर सांगितलंय, की शिपाई त्याच्या बहिणीकडे आले. तिचं नाव गेश्तिनान्ना. म्हणाले, नदीभर पाणी देतो, शेतभर धान्य देतो, भाऊ कुठं आहे सांग. तिनं घेतलं नाही. तेच शिपाई त्याच्या मित्राकडे गेले. मित्रानं घेतलं, आणि सांगितलं! शेवटी निवाडा झाला, की अर्धं वर्ष भावानं पाताळात राहायचं, अर्धं वर्ष बहिणीनं. ती खाली जाते, तेव्हा तो वर येतो.

मंडळी, शेतभर धान्य नाकारणं म्हणजे काय, हे बहात्तरच्या दुष्काळात मी पाहिलं. मी लहान होतो. कणगीच्या तळाशी बियाण्याची ज्वारी होती. आम्ही भावंडं भुकेनं रडायचो. आई आम्हाला जवळ घ्यायची, स्वतःही रडायची, पण त्या ज्वारीला तिनं हात लावला नाही. तेव्हा मला तिचा राग आला होता. पुढच्या पावसानंतर तीच ज्वारी रानात उभी राहिली, तेव्हा उमगलं.

दुमुझीचंच पुढं तम्मूज झालं. इराकात आजही जुलै महिन्याला तम्मूज म्हणतात. कडक उन्हात रान करपतं, तो हा महिना. यरुशलेमच्या मंदिराच्या दाराशी बाया तम्मूजसाठी रडत, असं बायबलातल्या यहेज्केलाच्या ग्रंथात आहे. देवाचं नाव महिन्याला राहिलं; बहिणीचं मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही.

म्हणून सांगतो माउली, परत आला त्याचा जयजयकार सगळेच करतात. तो परत यावा म्हणून कोण खाली गेलं, तेही विचारत जा. आज घरी गेलात की आपल्या घरातली ती माउली ओळखा, आणि तिच्या पायावर डोकं ठेवा.

रामकृष्णहरी!