पुस्तकातल्या चार ओळी आणि आजोबांची टोपी

मी १९७६ साली सोलापुरात दहावीत होतो. इतिहासाचा तास मधल्या सुट्टीनंतर असे. सर फळ्यावर 'कारणे, स्वरूप, परिणाम' असे लिहीत आणि आम्ही ते वहीत उतरवून घेत असू. देशाचा अर्वाचीन इतिहास म्हणजे आमच्या लेखी 'कारणे द्या', 'टिपा लिहा' आणि 'जोड्या लावा'. जोडी जुळली की गुण मिळाला, विषय संपला.

सविनय कायदेभंगाच्या धड्यात आमच्या गावावर चारच ओळी होत्या. सोलापूरचा सत्याग्रह, मार्शल लॉ आणि फाशी गेलेल्या चौघांची नावे : मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. एका संध्याकाळी मी ती नावे मोठ्याने घोकत बसलो होतो. आजोबा ओसरीवर होते. त्यांचा जन्म गिरणीच्या साचेखात्यात गेलेला. मी सहज विचारले, ''आजोबा, तेव्हा तुम्ही कुठे होता?''

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''इथंच होतो. टोपी चुलीत घातली मी. भ्यालो होतो.''

गोष्ट अशी. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा फडकला. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटले. गिरण्या बंद पडल्या, ८ मे रोजी गोळीबार झाला, लोकांनी कोर्टाची इमारत जाळली, मंगळवार पेठेतल्या चौकीवर दोन पोलीस मारले गेले. पुढचे तीन दिवस शहरात इंग्रजांचे राज्य नव्हतेच, असे सोलापूरकर आजही अभिमानाने सांगतात. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. झेंडा घेऊन फिरणाऱ्याला तुरुंग दाखवला जाऊ लागला. त्या दिवसांत विशीतल्या एका गिरणी कामगाराने आपली गांधी टोपी चुलीत घातली. १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. ती बातमी आली तेव्हा आजोबा साच्यावर उभे होते. ''साचा चालूच ठेवला,'' एवढेच ते म्हणाले. शेहेचाळीस वर्षांत त्यांनी हे घरात कुणाला सांगितले नव्हते.

त्या रात्री मला आजोबांची लाज वाटली, हे कबूल करतो. पण नंतर लक्षात आले की, त्यांच्या त्या भीतीमुळेच पुस्तकातल्या चार नावांचे वजन मला प्रथम कळले. साधी टोपी घालायलाही छाती लागत होती, तिथे चौघांनी प्राण दिले. सगळेच शूर होते असे शिकवले की शौर्याला किंमत राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारले, ''सर, पोलिसांना त्या चौघांनीच मारले होते का?'' उत्तर मिळाले, ''परीक्षेला येणार नाही, बस खाली.'' सरकारी न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले होते, तर ते निर्दोष होते अशी सोलापूरची ठाम भावना आहे. न्यायालय कुणाचे होते, साक्षी कोणत्या वातावरणात झाल्या, हे तपासायला शिकणे हाच खरे तर इतिहासाचा तास. तो आमचा बुडाला.

पुढे मी स्वतः इतिहासाचा शिक्षक झालो. दरवर्षी नववी-दहावीच्या मुलांना एकच गृहपाठ देई : घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला 'तेव्हा तुम्ही कुठे होता?' असे विचारा आणि ते पुस्तकाशी ताडून पाहा. कुणाच्या आजीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली असे, कुणाचे काका आणीबाणीत तुरुंगात गेलेले, तर कुणाचे आजोबा आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत म्हणून खूश असलेले! घरची आठवण नेहमी बरोबर असते असेही नाही. गोळीबाराच्या दुसऱ्याच दिवशी मार्शल लॉ लागला, असे माझे आजोबा शेवटपर्यंत सांगत. तो चार दिवसांनी लागला. म्हणून पुस्तक हवेच. पण टोपी चुलीत गेल्याचे पुस्तक सांगत नाही, म्हणून आजोबाही हवेत.

आता १९३० पाहिलेले कुणी घरात उरलेले नाही. पण आणीबाणी, १९८२ चा मुंबईतला गिरणी संप, १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेली माणसे आपल्यातच आहेत. घरातले पोर इतिहासाचे पुस्तक घेऊन बसले असेल, तर क्षणभर त्याच्याजवळ बसा. तुम्ही तेव्हा कुठे होता ते सांगा, आणि कुठे भ्यालात तेही सांगा. गुण वाढतील की नाही, कोण जाणे. पण पुस्तकातली नावे त्याला माणसांची वाटू लागतील.